दुपारची डाक

आमच्या आतोबांना भुतांची जेवढी माहिती होती, तेवढी खुद्द भुतांनाही नसेल. एखादा समंध चुकून त्यांच्या समोर येऊन उभा राहिला असता, तर त्याचं मूळ गाव, राहण्याचं झाड आणि वर्ज्य पदार्थ आतोबांनीच त्याला ऐकवले असते आणि तो बिचारा ओशाळून आल्या वाटेने परत गेला असता. आतोबा म्हणजे माझ्या सख्ख्या आत्याचे यजमान. उभी हयात त्यांनी मुंबईच्या एका मोठ्या पोस्टात पत्रं निवडण्यात घालवली. समोर भिंतभर कप्पे, डाव्या हातावर पत्रांची चवड आणि उजवा हात वर जातोय, खाली येतोय, असं वर्षानुवर्षं. राजापूरचं पत्र आपल्या हातून कधी रहिमतपुरात पडलं नाही, हे ते सांगायचे तेव्हा त्यांची मान आपोआप ताठ व्हायची. त्याच हाताने त्यांनी भुतंही कप्प्याकप्प्यांत लावून टाकली होती. गिऱ्हा पाण्यातला, चकवा वाटेवरचा, देवचार तळकोकणातला. घाटावरचं भूत कोकणात टिकत नाही, त्याला दमट हवा मानवत नाही, हे त्यांचं स्वतःचं संशोधन. एवढं करून कुणी विचारलं, "तुमचा विश्वास आहे का हो भुतांवर?" तर म्हणायचे, "बघितल्याशिवाय विश्वास कसा ठेवणार?" तेच तर त्यांचं दुःख होतं. जन्मभर ज्यांची एवढी बडदास्त ठेवली त्यांच्यापैकी एकानेही त्यांना कधी दर्शन दिलं नव्हतं. तरुणपणी म्हणे ते गावच्या बदनाम चिंचेखाली अमावास्येला जाऊन झोपले होते. सकाळी परत आले ते सर्दी घेऊन.

माझ्या लग्नाच्या बोलणीत याच विद्वत्तेने आमची बोटं तोंडात गेली होती. मुलाकडची मंडळी अलिबागेकडची. मानपानाचा विषय अगदी नाजूक वळणावर आलेला असताना आतोबांनी मुलाच्या थोरल्या काकांना बाजूला घेतलं आणि हळूच विचारलं, "तुमच्या विहिरीत काय आहे?"

"पाणी," काका म्हणाले.

"ते झालंच. आणखी?"

काकांनी प्रामाणिकपणे विचार केला आणि "कासव आहे एक," म्हणाले. परतीच्या वाटेवर आतोबा माझ्या बाबांना म्हणाले, "मुलगा चांगला आहे, देऊन टाका. गाव मात्र कोरडं दिसतंय." आत्याने तेव्हा कपाळाला हात लावला. तो हात संसारात तिने इतक्या वेळा कपाळाला लावला होता की तिथली त्वचा अधिक गोरी झाली असावी, असं माझी आई म्हणायची. घरातही त्यांचं निवडणं चालूच असे. फळीवरच्या डाळींना त्यांनी जिल्हे वाटून दिले होते. तूर विदर्भात, म्हणजे उजव्या टोकाला, आणि कुळीथ अर्थातच कोकणात, खिडकीपाशी. आत्याला मूगडाळ लागली की ती "अहो, मूग कुठल्या गावी गेले?" असं विचारायची आणि ते वर न बघता सांगायचे.

निवृत्त झाल्यावर दोघांनी नवीन पनवेलला तळमजल्यावरचं घर घेतलं. मी आधीच दोन इमारती पलीकडे राहायला आले होते, तेव्हा जाणं-येणं रोजचं झालं. घर हवेशीर होतं, खिडकीतून लांबचे डोंगर दिसायचे, आत्या खूश होती. आतोबा मात्र पहिल्याच आठवड्यात उदास झाले. सगळं नवं कोरं. रस्ते नवे, झाडं कमरेएवढी, भिंतींना अजून चुन्याचा वास. "इथं अजून कुणी मेलंच नाही गं," ते मला काकुळतीला येऊन म्हणाले. पुढे पलीकडच्या इमारतीतले एक आजोबा गेले तेव्हा आतोबा आशेने भेटून आले, ते पाय ओढतच. "फुकट. सगळ्या इच्छा पुऱ्या झाल्या होत्या त्यांच्या," म्हणाले.

खरं सांगायचं तर भुतांनी बिऱ्हाड करावं अशीच ती वसाहत होती, निदान दुपारी. सकाळी कर्ती माणसं मुंबईला निघून जायची, मुलं शाळेत, उरलेल्या बायका दारं लावून आडव्या व्हायच्या. रस्त्यावर चिटपाखरू नसे. अर्ध्या घरांना कुलपं होती आणि त्या रिकाम्या घरांतली एखादी खिडकी वाऱ्याने उघडायची, मिटायची, पुन्हा उघडायची, कुणीतरी आतून बाहेर डोकावून बघावं तशी. गच्चीवरच्या टाक्यांतून घुमल्यासारखा आवाज यायचा. मी शिकवायचे ती शाळा सकाळची, त्यामुळे घरी परतायची माझी वेळ हीच. तो रस्ता मी नेहमी भराभर आणि मागे वळून न बघता चालले. भुतांवर माझाही विश्वास नाही, पण त्यासाठी मागे वळून बघायलाच हवं असं थोडंच आहे.

अशा त्या भूतविरहित ओसाडीत आतोबांना एका बांधकामावरच्या वाळूच्या ढिगात कुत्र्याचं पिल्लू सापडलं. काळं कुळकुळीत, भुवयांवर तेवढे दोन पांढरे ठिपके. आतोबांनी त्याचं नाव झोटिंग ठेवलं. दिवेलागणीला असलं नाव घरात घ्यायचं नाही म्हणून आत्या त्याला राजा म्हणायची. कुत्रा मोठा समजूतदार. तो दोन्ही नावांना ओ द्यायचा.

झोटिंगाचं शिक्षण मात्र पोस्टाच्या शिस्तीत झालं. सकाळची डाक आणि संध्याकाळची डाक, अशा दोन वेळा ठरलेल्या. फाटकाबाहेरचा, कंपाउंडच्या भिंतीला लागून असलेला दिव्याचा खांब ही टपालपेटी. कुत्रा झाला म्हणून काय, त्यालाही लाज असते, असं आतोबांचं ठाम मत होतं. म्हणून खांबापाशी आलं की ते झोटिंगाकडे पाठ करून भिंतीकडे तोंड करून उभे राहत आणि तोंडाने एक अक्षर न बोलता उजवा हात खांद्याच्या वर नेत. हात वर गेला की झोटिंग पाय वर करी. त्याआधी नाही. एकदा पोस्टातला जुना मित्र नेमका त्या वेळी भेटला आणि दोघं गप्पांत रंगले. झोटिंग मालकाच्या हाताकडे टक लावून थरथरत उभा. शेवटी निरोप घेताना आतोबांनी हात वर केला मात्र, मित्राची नवी कोल्हापुरी चप्पल कामी आली. "चूक त्याची नाही," आतोबा म्हणाले, "हुकूम मिळाला, त्याने बजावला." मित्र पुन्हा पनवेलला आला नाही. पण घरात म्हणाल तर झोटिंगाने एक थेंब कधी सांडला नाही. पावसाळ्यात चार-चार तास पाऊस थांबला नाही तर तो दाराशी डोळे मिटून बसून राही, एखाद्या तापसासारखा. लोकांची पोरं परीक्षेत पहिली येतात तसं आतोबांना त्याचं कौतुक होतं.

त्या वर्षी आतोबांच्या विक्षिप्तपणात थोडी भर पडली होती. चष्मा तांदळाच्या पिंपात सापडला. मला दोन-तीनदा माझ्या आईच्या नावाने हाक मारून झाली. एकदा भाजी आणायला गेले ते सुकापूरला जाऊन पोचले आणि रिक्षाने परत आले. "नवीन रस्ता बघितला," म्हणाले आणि हसले. ते हसले म्हणून आम्हीही हसलो.

आणि मग दिवाळी झाल्यावर एका दुपारी आत्याने मला बोलावणं पाठवलं. आतल्या खोलीत, तांदळाच्या पिंपाशेजारच्या कोपऱ्यात, फरशीवर थारोळं झालं होतं. वासावरून काय ते वेगळं सांगायला नको होतं. अपराध केलेलं कुत्रं कसं दिसतं हे सगळ्यांना माहीत आहे. शेपूट पायांत, कान पडलेले, नजर चोरटी. झोटिंग त्या थारोळ्याशेजारी छाती काढून बसला होता, नेमून दिलेलं काम फत्ते करून आलेल्या शिपायासारखा. आतोबा खाली वाकले, बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "हे माझ्या झोटिंगाचं हस्ताक्षर नव्हे." दुसऱ्या दिवशी दुपारी पुन्हा तसंच. मग एक दिवस काही नाही आणि चौथ्या दिवशी पुन्हा. नेहमी तोच कोपरा, नेहमी आत्याचा बाहेरच्या खोलीत डोळा लागलेला असताना, आणि आतोबा आत खाटेवर घोरत असताना.

जुन्या पनवेलमध्ये जनावरांचे एक डॉक्टर होते. आतोबांनी झोटिंगाचा नमुना बाटलीत भरून नेला, बाटलीवर सुवाच्य अक्षरात नाव, पत्ता आणि पिन कोड. डॉक्टरांनी सगळं तपासलं. "साखर नाही, खडा नाही, कसला संसर्ग नाही. कुत्रा तुमच्या-माझ्यापेक्षा ठणठणीत आहे," ते म्हणाले. "घरात काही बदल झालाय का? कुणी नवीन माणूस?"

"आम्ही दोघंच असतो," आत्या म्हणाली.

"मग कुणीतरी येत असणार. आपल्याला कळत नाही, कुत्र्याला कळतं."

त्यांना खिडकीशी येणारं एखादं मांजर किंवा दुसरा कुत्रा म्हणायचं होतं. पण आतोबांचा चेहरा असा उजळला की डॉक्टरांनी फी घेताना जरा संकोचच केला.  घराशी रिक्षातून उतरल्यावर ते आत्याला म्हणाले, "आलं बघ. एवढ्या वर्षांनी आलं."

आत्या असल्या गोष्टींना भिणारी नव्हती. जन्मभर इतकी भुतं कानावरून गेल्यावर माणूस निर्ढावतो. पण त्याच आठवड्यात ती मला हळू आवाजात म्हणाली, "दुपारी डोळा लागता लागता आत कुणीतरी कुजबुजतं गं." मग माझ्याकडे बघून तिनेच पुढे जोडलं, "शेजारचा रेडिओ असेल." शेजारच्या घराला ते बांधल्यापासून कुलूप होतं, हे तिलाही माहीत होतं. मी एकदा शाळेतून परस्पर तिच्याकडे गेले, तर झोटिंग त्या कोपऱ्यात उभा राहून कोऱ्या भिंतीकडे, माणसाच्या खांद्याएवढ्या उंचीवर, एकटक बघत होता आणि शेपूट हलवत होता. हाक मारली तर कान तेवढा हलला. नजर हलली नाही. भिंतीवर साधा खिळासुद्धा नव्हता. मी चहा न घेताच घरी गेले.

विचुंब्याची मासळीवाली दारावर यायची, तिच्याकडे आतोबांनी चौकशी लावली. "या जागेवर पूर्वी काय होतं?"

"भाताचा शेत व्हता. दुसरा काय."

"कुणी गेलं होतं का इथं? म्हणजे, मेलं होतं का?"

"आमची म्हस मेली व्हती एक," ती कोलंबी मोजता मोजता म्हणाली, "गाभन व्हती. बाकी कोन नाय."

म्हशीचा कप्पा आतोबांकडे नव्हता. ते निराश होऊन आत गेले. मग आत्याकडून झोटिंगाचं सगळं ऐकून घेतल्यावर बाई टोपलीवर फडकं टाकत तिला म्हणाली, "वैनी, कुत्रा भिंतीशी बगून शेपूट हालवतो ना, मंग ते परका नाय. परक्यावर भुकला असता. आपलाच कोन तरी हाय." आत्याने तिला पैसे दिले आणि नेहमीपेक्षा लवकर दार लावून घेतलं.

मार्गशीर्षातले गुरुवार तोंडावर आले तेव्हा आत्याचा धीर सुटला. तांदळाच्या पिंपाला ओल लागली होती. भूत असो नाहीतर कुत्रा, पुसायचं तिलाच होतं. गुडघ्यांनी ती आधीच बेजार होती. "राजाला विचुंब्याला देऊ," ती म्हणाली. "ती ठेवायला तयार आहे. मासळी खाईल नि मजेत राहील." आतोबा खुर्चीत बसले होते. त्यांचा चेहरा इतका उतरला की मीच दुसरीकडे बघितलं. त्या माणसाला मूलबाळ नव्हतं. पोस्ट सुटलं होतं. सकाळी उठून बाहेर पडायला एवढं एकच कारण उरलं होतं, आणि ते या क्षणी त्यांच्या चपलेवर हनुवटी ठेवून झोपलं होतं. "तो निर्दोष आहे हे मी सिद्ध करीन," ते म्हणाले. "मग तर ठेवशील?"

आमच्याकडे एक जुनी रीत आहे. माणूस गेला की दिवसांत त्या जागी दिवा लावून पीठ पसरतात, वर टोपली पालथी घालतात आणि दुसऱ्या दिवशी पिठात कुणाचं पाऊल उमटलंय ते बघतात. पाखराचं, गायीचं, माणसाचं. त्यावरून गेलेला कुठल्या जन्माला गेला ते समजतं म्हणे. आतोबांना आता ते पीठ त्या कोपऱ्यात पसरायचं होतं. आत्या चिडली. "अहो, पीठ मेलेल्या माणसासाठी पसरतात. आपल्याकडे मेलंय कोण?"

"तेच तर बघायचंय," आतोबा म्हणाले.

शेवटी करार झाला. पिठात नुसती कुत्र्याची पावलं निघाली तर राजा विचुंब्याला जाणार. आणखी कुणाची निघाली तर राहणार, आणि ज्याची असतील त्याचं काय करायचं ते मग बघू. पंच म्हणून मला बोलावलं गेलं. दुपारची जेवणं झाल्यावर आतोबांनी स्वतः तांदळाचं पीठ चाळणीने कोपऱ्यात भुरभुरवलं, अगदी निगुतीने, रांगोळी घालावी तसं. मग झोटिंगाला थोपटलं, हात झटकले आणि खाटेवर आडवे झाले. मी आणि आत्या बाहेरच्या खोलीत बिरडं सोलत बसलो. मधे दाराला पडदा.

बाहेर रस्ता ओस पडला होता. रिकाम्या घराची ती खिडकी आपटत होती. आतोबांचं घोरणं एका लयीत चाललं होतं आणि भिजलेल्या वालांची सालं आमच्या बोटांना चिकटत होती. मग घोरणं थांबलं. खाट करकरली. फरशीवर अनवाणी पावलं वाजली, एक नीट पडणारं, एक किंचित ओढलेलं, आणि त्यांच्या मागे झोटिंगाच्या नखांची टिकटिक. आणि मग ती कुजबूज मी स्वतःच्या कानांनी ऐकली. "राजापूर… राजापूर… लांजे… देवरुख… संगमेश्वर… राजापूर…"

आत्याचा हात वालाच्या दाण्यावर थांबला. ती उठली आणि तिने एका बोटाने पडदा बाजूला केला.

आतोबा कोपऱ्यात आमच्याकडे पाठ करून, कोऱ्या भिंतीसमोर उभे होते. अंगात बनियन, पायांत पट्ट्यापट्ट्यांचा लेंगा. डावा हात कोपरात वाकवून त्यांनी काहीतरी छातीशी धरलं होतं, आणि हातात काहीच नव्हतं. उजवा हात त्यातलं एकेक उचलत होता, क्षणभर डोळ्यांसमोर धरत होता, गावाचं नाव घेत होता आणि भिंतीवर जे नव्हतं त्यात अचूक टाकत होता. खाली, मधे, डावीकडे. चेहरा बाजूने दिसत होता. डोळे सताड उघडे होते. त्यांना काहीतरी दिसत होतं, पण ते आमच्या घरातलं नव्हतं. झोटिंग त्यांच्या मागे उभा राहून त्या हाताकडे बघत होता. मग वरच्या रांगेतला कप्पा आला. हात खांद्याच्या वर गेला. झोटिंगाने एकदा खात्री करून घेतल्यासारखं वर बघितलं, आणि पाय वर केला.

मालक पाठ करून भिंतीकडे तोंड करून उभा आहे आणि हात वर गेलाय. त्या मुक्या जनावराचं काय चुकलं होतं? त्याने इतके दिवस फक्त सांगितलेलं ऐकलं होतं.

चवड संपल्यावर आतोबांनी तळहात एकमेकांवर झटकले, वळले आणि आमच्याकडे तोंड करून चालत आले. पडदा अर्धा उघडा होता. आम्ही दोघी हाताच्या अंतरावर उभ्या होतो. त्यांची नजर आमच्यातून आरपार गेली, मागच्या भिंतीपर्यंत गेली आणि परत आली. मग ते खाटेवर आडवे झाले आणि घोरू लागले. माझ्या अंगावर जो काटा आला तो आजही लिहिताना येतो. जन्मात इतकी भुतांची वर्णनं त्यांच्याच तोंडून ऐकली होती, पण उघड्या डोळ्यांनी बघणारं आणि आपल्याला न बघणारं माणूस घरात फिरतं तेव्हा कसं वाटतं, ते त्यांनी कधी सांगितलं नव्हतं.

"पोस्टात गेले होते," आत्या माझ्या कानाशी म्हणाली. तिचा आवाज अगदी साधा होता. तिने पदराने तोंड पुसलं आणि पुन्हा वालांशी येऊन बसली. आम्ही दोघी उरलेलं बिरडं सोलत राहिलो.

आतोबा उठले ते थेट कोपऱ्यात धावले. "अगं या, लवकर या," त्यांनी आम्हाला हाक मारली. चष्मा लावून ते पिठाशी उकिडवे बसले होते आणि त्यांचा आनंद गगनात मावत नव्हता. "माणसाची पावलं. बघ, माणसाची. उलटी नाहीत, तेव्हा वाईट नव्हे. झोटिंग मागे, हा पुढे. म्हणजे झोटिंगाला यानेच नेलं." त्यांनी बोटाने पिठाच्या कडेला हलकेच रेघ ओढली. "टाचेवर भार आहे. जन्मभर उभं राहून काम केलेला माणूस. उजवा पाय ओढतोय. वय झालेलं दिसतंय. दमलाय बिचारा." आम्ही दोघी त्यांच्या मागे उभ्या होतो. उकिडवं बसल्यामुळे त्यांच्या टाचा उचललेल्या होत्या आणि दोन्ही तळवे पांढरेशुभ्र दिसत होते.

पिठाचा माग कोपऱ्यातून निघून फरशीवरून परत येत होता. आतोबा वाकून एकेक पाऊल बघत त्याच्यामागे निघाले. "इथून वळला. इथं जरा थांबला. मग इथून…" माग खाटेशी येऊन संपत होता. आतोबा खाटेशी थांबले. त्यांनी खाली, स्वतःच्या पायांकडे बघायला सुरुवात केली.

"अहो, काय हे," आत्या एकदम म्हणाली. "पीठ तुडवत घरभर हिंडताय. त्याच्या पावलांवर सगळीकडे तुमची पावलं उमटली. आधी पाय धुऊन या बघू."

आतोबांनी तिच्याकडे बघितलं. नेहमीपेक्षा जरा जास्तच वेळ बघितलं. मग "हो, खरंच," म्हणाले आणि न्हाणीघरात गेले. आत नळ बराच वेळ चालू होता. ते बाहेर येईपर्यंत आत्याने पीठ झाडून भरून टाकलं होतं. "तुम्ही जिंकलात. राजा कुठे जात नाही," तिने जाहीर केलं. अळीमिळी गुपचिळी, असं आम्ही दोघींनी एकमेकींना सांगितलंसुद्धा नाही. सांगावं लागलं नाही.

पुढचे काही महिने आतोबांच्या आयुष्यातले सुखाचे म्हणायला हवेत. आपल्या घरात भूत आहे, वसाहतीतलं पहिलं, हे त्यांनी चारचौघांना बोलावून सांगितलं. लोक हसले. ऐकून झाल्यावर मात्र जाताना कोपऱ्याकडे न बघता गेले. आत्याने पिंप हलवून त्या जागी गोणपाट टाकलं, बाहेरच्या दाराला वर एक कडी लावून घेतली आणि दुपारची झोप सोडली. ती आता पडद्याआड जागी बसून राहायची आणि गावांची नावं ऐकायची. मुंबईच्या मोठ्या डॉक्टरांना दाखवलं. त्यांनी गोळ्या दिल्या आणि आत्याला बाजूला घेऊन, हे असंच वाढत जाईल, असं सांगितलं. तसंच झालं. दुपारची डाक मग सकाळीही निघू लागली, कधी संध्याकाळीही. झोटिंगाची इमानदारी तशीच राहिली. आत्या गोणपाट धुऊन वाळत घालायची आणि त्याला कधी एका शब्दाने बोलली नाही.

दुसऱ्या वर्षीच्या उन्हाळ्यात एकदा मी गेले होते. आतोबा दाराशी खुर्चीत बसले होते, आत्या शेजारी पाटावर. त्या दिवशी ते चांगले बोलत होते. "तो अजून येतो का गं?" त्यांनी विचारलं.

"येतो," आत्या म्हणाली.

"काही त्रास देतो का?"

"नाही हो. आपलं काम करतो नि जातो."

आतोबा रस्त्याकडे बघू लागले. "सगळे कप्पे लावून बघितले. तो कशातच बसत नाही," ते म्हणाले. "तू त्याला हाकलू नकोस हं. त्याला कुठे जायचं ते आठवत नसेल. पत्ता अपुरा असला म्हणून आम्ही पत्र टाकून देत नव्हतो कधी. विचारत विचारत पोचवायचं असतं."

"मी कशाला हाकलू," आत्या म्हणाली. "पोचलाय तो. घरीच आहे."

आतोबांनी समाधानाने मान हलवली. त्यांचा हात खुर्चीवरून खाली लोंबत होता, तो आत्याने उचलून त्यांच्या मांडीवर नीट ठेवला. त्या स्पर्शाने त्यांनी वळून तिच्याकडे बघितलं, परक्या बाईकडे बघावं तसं, जरा संकोचून. मग जन्मभर जिला अगं म्हणून हाक मारली तिला त्यांनी फार अदबीने विचारलं, "आणि आपण कुठल्या?"

"मी इथलीच," आत्या म्हणाली, आणि चहा ठेवायला आत गेली.